एकशे बत्तिसावी फ्रेम

हे मी लिहिणारच नव्हतो. तीनदा फाइल उघडली, तीनदा बंद केली. पण परवा पुस्तक छपाईला जातंय आणि माझीच पानं कोरी आहेत. म्हणून आता एका दमात लिहितो. थांबलो तर राहून जाईल.

मैत्रिणीचे बाबा गेले त्याला महिना झाला होता. त्यांचं वर्कशॉप आवरायला मी गेलो. आवरायला कसलं, खरं सांगायचं तर त्यांच्या शूटिंगच्या नोंदवहीसाठी गेलो.

तीस वर्षांपूर्वीच्या एका अंतराळाच्या सिनेमात शेवटी एक रोबोट ओसाड ग्रहावर एकटा उरतो. यान निघून जातं, तो हात वर करतो. नऊ सेकंदांचा शॉट. तो रोबोट म्हणजे वीतभर पुतळा आणि त्याला हलवणारे हात तिच्या बाबांचे. पुतळ्याचा हात केसभर सरकवायचा, एक फ्रेम टिपायची, परत केसभर. अशा दोनशे सोळा फ्रेम. मध्ये उठायचं नाही. उठलात, दिवे गार झाले, की आधीचं आणि नंतरचं जुळत नाही.

त्या शॉटमध्ये ते जुळत नाहीच. हात अर्ध्यावर येतो आणि एकदम झटका बसतो. आम्ही फॅन लोक त्याला 'उचकी' म्हणतो. लांब कुणीतरी रोबोटची आठवण काढतंय म्हणे. दरवर्षी आमचा ग्रुप तो सिनेमा दाखवतो, तेव्हा उचकीला अख्खं थिएटर उभं राहतं.

कारण उचकीमागची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. त्या दुपारी शॉट अर्धा झालेला असताना निरोप आला. मुलगी झाली, बायकोचं काही खरं नाही, ती तुम्हाला बोलावतेय. बाबांनी शॉट तसाच टाकला आणि धावत सुटले. त्याच संध्याकाळी साडेसहाला ती गेली, त्यांच्या हातात हात ठेवून. चार दिवसांनी परत येऊन त्यांनी उरलेला शॉट पूर्ण केला, पण पुतळ्याचा हात काही आधीच्या जागी बसेना.

झालेली मुलगी म्हणजे माझी मैत्रीण. दर शोला ती माइकवर एवढंच बोलते, "माझ्या बाबांनी माझ्या आईसाठी सिनेमा सोडला." आणि खाली बसते.

बाबा स्वतः मात्र यायचे नाहीत. एकदा ओढून आणलं, तर उचकीच्या आधीच उठून बाहेर गेले. कौतुक सोसत नाही म्हाताऱ्याला, आम्ही म्हणालो. तिच्या मावशीनं तर त्यांच्याशी तीस वर्षं अबोला धरला होता. ती आमच्या लेखी तिरसट बाई.

यंदा आम्ही त्या सिनेमाच्या मेकिंगवर पुस्तक काढतोय. त्यावर ग्रुपमधल्या चष्मिसनं लिहिलं की बाबा धावत गेले वगैरे सगळा मसाला आहे, कुणाचा तरी टेबलाला धक्का लागला असणार. तेव्हापासून मैत्रिणीला नीट झोप नव्हती.

"प्रोफेसर, वही सापडली ना, की त्याच्या नाकावर मारायची," ती म्हणाली. मी दहावीनंतर शाळेचं तोंड बघितलं नाही, म्हणून प्रोफेसर.

"नाकावर चष्मा आहे त्याच्या."

"मग चष्म्यावर मार."

कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात रोबोट होता, भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. त्याच्या पायाखाली वही. तिनं बाहीनं धूळ पुसली आणि वही माझ्याकडे दिली.

"तूच बघ. त्यांचं अक्षर दिसलं की मला रडू येतं. मी चहा टाकते."

वहीत दर फ्रेमला एक ओळ. फ्रेमचा नंबर, हात किती सरकवला, आणि तारीख-वेळ. दिवे तापले की उजेडाचा रंग बदलतो, म्हणून वेळ लिहायची. पहिली फ्रेम सकाळी दहा चाळीसची. मी बोट ठेवून खाली खाली येत राहिलो. मला चार दिवसांची फट शोधायची होती.

"सापडलं का रे?" आतून आवाज आला.

"बघतोय."

एकशे एकतीस, चार दहा. शेजारी बारीक अक्षरात, 'मुलगी झाली. ती बोलावतेय.'

ती दोन कप घेऊन आली आणि माझ्यासमोर फरशीवर बसली. वहीकडे बघितलं नाही, माझ्या तोंडाकडे बघितलं.

"आहे ना?"

"निरोप आल्याचं लिहिलंय. एकशे एकतिसाव्या फ्रेमला."

तिनं डोळे मिटले. मग नाक पुसून हसली.

"आता ऐक. तुला लिहिताना फोडणी घालायची खोड आहे. इथे नाही घालायची. वहीत आहे तेच लिही, एक शब्द इकडचा तिकडे नको. बाबा खोटं बोलत नव्हते, हे कळू दे सगळ्यांना. वचन दे."

माझं बोट पुढच्या ओळीवर होतं. एकशे बत्तीस, चार तेरा. 'हात थरथरला. पुढे चालू.' त्याखाली एकशे तेहतीस, चार पंधरा. फट कुठेच नाही, साडेसहालाही एक फ्रेम. आणि पानाच्या तळाशी शेवटची, दोनशे सोळा. त्याच दिवशीची. सात चाळीस.

"दिलं," मी म्हणालो.