गुनवोरचा चौथा खेळ

"यापुढे पळणं बंद," डॉक्टरांनी सांगितलं आणि गुनवोरच्या पायाखालची जमीनच सरकली. उन्हाळ्यात फुटबॉल, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर हॉकीसारखा बँडी, मधल्या दिवसांत हँडबॉल. तिन्ही खेळांत ती स्वीडनकडून खेळलेली. छत्तिसाव्या वर्षी एका फुटबॉल सामन्यात गुडघा निकामी झाला आणि सगळं एकदम थांबलं.

महिनाभर ती खिडकीपाशी बसून राहिली. रेडिओवर खेळांच्या बातम्या लागल्या की बंद करायची. मग एका सकाळी तिच्या नवऱ्याने, टोर्स्टनने, शेजाऱ्यांची चिंचोळी कयाक होडी मागून आणली.

"त्यात बसून मी काय करू?" ती करवादली.

"पाय आत ठेव आणि वल्हं मार. हातांना कुठे काय झालंय?"

पहिल्याच दिवशी ती तीनदा पाण्यात पडली. तिसऱ्यांदा वर आली ती खदखदून हसतच. थंडीने दात वाजत होते, तरी होडी सरळ करून पुन्हा बसली. टोर्स्टन काठावर टॉवेल धरून उभा, पण ही बाहेर यायचं नावच घेईना.

दोन वर्षांनी राष्ट्रीय स्पर्धेत ती पहिली आली. बाकीच्या सगळ्या मुली तिच्याहून कितीतरी लहान. गळ्यात पदक पडलं, टाळ्यांचा कडकडाट झाला, टोर्स्टनचे डोळे भरून आले. तिचं लक्ष मात्र भलतीकडेच. पलीकडच्या मैदानावर काही बायका धनुष्यबाणाने नेम धरत होत्या.

"टोर्स्टन," तिने त्याची बाही ओढली, "ते मला कुणी शिकवेल का रे?"