दोन पुड्या

"सर, मेलेल्या माणसाच्या अंगातलं शिसं मोजता येतं का?"

प्रश्न जयाचा, पण डाव तिच्या मैत्रिणीचा, दीप्तीचा. "वर्षभर आमचं डोकं खाल्लं वं, आता सरांले विचारून दाखव! तर्री-पोहे माझ्याकडून!" जयाने बेधडक विचारलं. हसू पळालं ते दीप्तीचंच.

अकरावीच्या मुली प्रयोगशाळा बघायला आल्या होत्या. जुन्या टायरांतून काढलेल्या तेलात शिसं किती, कॅडमियम किती, ते केशवसर तिथे मोजत. थेंबातला कणही त्यांच्या मशीनमधून सुटत नसे.

सरांनी चष्मा काढला. "केस असतील तर येतं. पण ते आम्लात विरघळतात, परत मिळत नाहीत. आणि तुलनेला एखाद्या धडधाकट माणसाचेही आण."

जयाचा भाऊ प्रशिक बुटीबोरीला टायर वितळवणाऱ्या भट्टीवर कामाला होता. गेल्या वर्षी गेला, तेविसाव्या वर्षी. मालक म्हणाला, दारूने गेला. वस्तीनेही तेच धरलं. प्रशिकने दारूला कधी हात लावला नव्हता. त्याच्या तेलकट कपड्यांचा वास मात्र अजून घरात फिरे, न्हाणीत तर रोज. तीन वर्षं ते कपडे जयाच धुवायची.

आईने त्याची फणी केसांसकट जपली होती. "तेवढाच उरला वं तो माह्याजवळ," ती म्हणाली. तासभर फणी छातीशी धरून बसली. मग स्वतःच पुढे केली.

जयाने सरांना दोन पुड्या नेऊन दिल्या.

आठ दिवसांनी सरांनी कागद पुढे सरकवला. "तीनदा मोजलं. पहिल्या पुडीत शिसं भरपूर. पण दुसरीतही आहे, जरा कमी. कोण आहे ही व्यक्ती? तिला लगेच डॉक्टरांना दाखव. अजून वेळ गेलेली नाही."

परतताना बस अर्धी रिकामी होती. तरी जयाला तो वास आला. अगदी शेजारच्या सीटवरून.

आईबाबा दारातच उभे होते. "काय निघालं वं?" बाबांनी विचारलं.

"दारू नाही बाबा. शिसं. दादाच्या अंगात भट्टीचं शिसं होतं."

आई मटकन खाली बसली. रडता रडता हसली. "मले ठाऊकच होतं! माहं लेकरू तसं नव्हतंच!"

जयाने तिला पोटभर रडू दिलं. मग दोघांचे हात हातात घेतले.

"आता ऐका. मी ठरवलंय. उद्या शाळा नाही, धंतोलीले डॉक्टरकडे जायचं. दुसऱ्या पुडीतले केस माझे आहेत."