पोपटीची हाडं

सोन्याने मान खाली घातली आणि चंद्रावतीने दोरी ओढायच्या आत हाड तोंडात घेतलं.

"टाक. टाक म्हणते ना, मेल्या."

टाकतोय कसला. आदल्या रात्री आळीने पोपटी लावली होती. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, सगळं भांबुर्डीच्या पाल्यात मडक्यात कोंबायचं, मडकं उपडं घालून वर जाळ करायचा आणि वास सुटेपर्यंत गप्पा हाणायच्या. थंडीत पेणला ज्या आळीत पोपटी लागत नाही, ती आळी मेलेली समजावी. ढेकर देऊन झाले आणि मग हाडांचा प्रश्न आला. डब्यात टाकली तर वाया जातील, म्हणून अकरा घरांची हाडं कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाशी पडली. मुकी जनावरं खातील, तेवढंच पुण्य. पुण्य करायला आपल्याकडे रस्ताच लागतो, स्वतःचं अंगण कुणी वापरत नाही.

रस्त्यावरच्या कुत्र्याला हाड फोडायची अक्कल असते. सोन्या दूध-भाकरीवर वाढलेला, त्याला ती कुठून येणार? त्याने आख्खंच गिळलं. एकदा खोकला. दुसऱ्यांदा खोकलाही फुटला नाही. त्याने मान ताणली, पुढच्या पायांनी तोंड ओरबाडायला लागला आणि ओठांतून फेस गळू लागला.

चंद्रावतीने रस्त्यातच बसकण मारली आणि सरळ त्याच्या घशात हात घातला. हाड बोटांना लागलं. आडवं रुतलं होतं. तिने ते चिमटीत धरलं, तेवढ्यात सोन्याचा जबडा मिटला. चार वर्षांत त्याने तिच्यावर कधी गुरगुरूनही पाहिलं नव्हतं. आज त्याचे सुळे तिच्या तळहातात रुतले. ती किंचाळली. हात कसाबसा सुटला, दोरीही सुटली.

सोन्या भेलकांडत भिंतीवर आदळला, पडला, पुन्हा उठला. समोर गिरजाबाई दारात सडा घालत होती. तिने पाहिलं ते एवढंच: तोंडाला फेस, फेसात रक्त आणि चंद्रावतीचा लालभडक हात.

"गो बाय माझे, पिसाळला. सोन्या पिसाळला."

हा शब्द एकदा आळीत शिरला की पुढे कुणाला काही ऐकू येत नाही. दारं आपटली. पोरं आत ओढली गेली. शेजारचा प्रणित बनियनवरच बाहेर आला. कालच्या पोपटीचा पुढारी तोच. जाळ सारखा करायला आणलेला लोखंडी पाईप अजून भिंतीला टेकून होता. त्याने तो उचलला.

"मारू नको रे," चंद्रावती ओरडली. "हाड अडकलंय त्याच्या घशात. हाड."

"काकी, हात बघ तुझा. बाजूला हो."

"पिसाळला नाय तो. ऐक माझं, प्रणित, हाड हाय."

ती धावली आणि सोन्यावर पालथी पडली. तिच्या पोटाखाली त्याचं सगळं अंग श्वासासाठी झटके देत होतं. गिरजाबाईने मागून येऊन तिच्या काखांत हात घातले आणि तिला ओढून काढलं. वाईट मनाने नाही, जीव वाचवायला म्हणूनच. इतक्या वर्षांची शेजारीण, डोळ्यांदेखत मरू कशी देणार? चंद्रावतीने लाथा झाडल्या, तिच्या मनगटाचा चावा घेतला, पण गिरजाबाईने मिठी सोडली नाही.

पहिला फटका कमरेवर बसला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दुसरा बरगड्यांवर. सोन्या ओरडला नाही, ओरडायला घशात जागाच नव्हती. तिसरा मानेमागे बसला आणि त्याच्या तोंडातून काहीतरी उडून प्रणितच्या पायाशी पडलं. कोंबडीच्या तंगडीचं हाड, उभं चिरलेलं.

सोन्याने एक लांब श्वास घेतला. तो सोडला आणि पुन्हा घेतला नाही.

गिरजाबाईचे हात आपोआप सैल झाले. प्रणित वाकून त्या हाडाकडे बघत राहिला.

"काकी," तो म्हणाला, "आधी नाय का सांगायचंस?"

चंद्रावती सोन्याजवळ जाऊन बसली. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याच्या तोंडाचा फेस पदराने पुसला.

प्रणितचे डोळे भरून आले. रडू आलं की त्याला राग येतो, लहानपणापासूनचंच आहे ते. काल खांबाशी पहिली पत्रावळ त्यानेच झटकली होती, पण ती आत्ता कुठली आठवायला? त्याने पाईप खांबावर दाणकन आपटला.

"कोणी टाकली ही हाडं? नाव सांगा. हात तोडतो त्याचा."

एकेक दार उघडलं होतं. माणसं उंबऱ्यात उभी होती आणि सगळ्यांचे डोळे जमिनीकडे होते.

"बोला ना. आता का दातखीळ बसली? कोणी टाकली?"

चंद्रावतीने सोन्याचं डोकं जपून खाली ठेवलं. ती उठली, खांबापाशी गेली आणि रक्त गळणारा हात प्रणितच्या पाईपापुढे धरला.

"माझ्या पानातली पण हायत त्यात," ती म्हणाली. "तोड."