पूर्ण भविष्यकाळ

"चेडवाक इंग्रजी शिकय गो, पण घरात तरी मराठी बोलाक दी," असं सासूबाईंनी नातीबद्दल बजावलं, तेव्हा अनुपमा नुसती हसली होती. सासूबाईंना काय कळतंय! घरातही इंग्रजीच बोला, असं खुद्द शाळेच्या बाईंनी सांगितलेलं, आणि अनुपमा पडली बी.ए. त्या दिवसापासून मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत मराठीला बंदी झाली.

सहावीतल्या शलाकाला पूर्ण भविष्यकाळ काही केल्या उमजेना. अनुपमाला त्याचं नवल वाटे. ती स्वतः तर मुक्कामालाच त्या काळात होती.

"से आफ्टर मी. बाय नाइन्टीन नाइन्टी-फाइव्ह, आय विल हॅव्ह बिकम अ डॉक्टर."

शलाका गप्प.

"अगो, पोराचा तोंड बघ कसा दिसता," सासूबाई पुटपुटल्या.

"आई, मध्ये बोलू नका ना. विचार करतेय ती."

"ममी, माय बॉडी इज..." शलाका अडली.

"बॉडी कुठून आली यात? फुल सेंटेन्स!"

शलाकाने बराच वेळ ओठ हलवून पाहिले. मग टेबलावर डोकं टेकलं आणि दबक्या आवाजात, चोरी केल्यासारखं विचारलं,

"आई, अंग कसकसतंय, याला इंग्रजीत काय म्हणतात गं? सकाळपासून आठवतेय."

बी.ए. झालेल्या अनुपमालाही ते सांगता येईना.

तुमच्याकडेही एखादं मूल मघापासून शहाण्यासारखं गप्प बसलंय का? जरा उठा, आणि त्याच्या कपाळाला हात लावून बघा.