घरचं यीस्ट

बाबांच्या दफनानंतर लोकांना पाजायची बिअर त्यांच्याच यीस्टची व्हावी, एवढंच माझ्या हातात उरलं होतं. लाकडी कड्यावर वाळवलेलं त्यांचं यीस्ट मी पिपात घातलं, आमच्या व्हॉस गावच्या रिवाजाप्रमाणे यीस्ट जागं व्हावं म्हणून आरोळीही ठोकली. दुसऱ्या दिवशीही फेस आला नाही. शेवटी शेजारच्या गुत्तोर्मकाकांचं दार वाजवलं. बाबांनी चाळीस वर्षांत त्यांच्या बिअरला तोंड लावलं नव्हतं.

"आरोळी बापासारखी ठोकली नसशील," म्हणत त्यांनी आपल्या यीस्टची बरणी हातात दिली.

दफनानंतर पहिल्याच घोटाला सगळे म्हणाले, "हे त्याच्याच घरचं यीस्ट! लगेच ओळखू येतं."

 

गुत्तोर्मकाकांनी पेला पुढे केला. "ओत गं आणखी. आमच्या यीस्टला ही चव कुठली यायला!"