परगावची उडी

तुमसरच्या मैदानात हॉकीचा चेंडू मधल्या रेषेवर आला आणि केवलराम हवेत उडाला. चेंडू त्याच्या पायांखालून निघून गेला. मागून धावत आलेला शालीकराम, तोही उडाला. तुमसरवाल्यांनी चेंडू आरामात ढकलत नेला आणि गोल केला.

"काऊन उडून राहिले बे? काय आहे तिथं?" टिकाराम बाहेरून ओरडला.

तिथं काहीच नव्हतं. मैदान परातीसारखं सपाट होतं.

टिकाराम तिरोड्याजवळच्या एका खेड्यातला धानाचा शेतकरी. हॉकीपायी घरच्यांनी त्याचा नाद सोडला होता. गावात कॉलेज नव्हतं. पण नागपूर-जबलपूरच्या कॉलेजांतून नापास होऊन परत आलेली पोरं नेमकी अकरा भरली, म्हणून सारे त्यांना कॉलेजची टीम म्हणत. ही टीम घरच्या मैदानावर कधी हरली नव्हती आणि परगावी कधी जिंकली नव्हती. टिकाराम प्रत्येक सामन्याला स्वतःचं तिकीट काढून जाई आणि परतताना गाडीत तिरोडा येईस्तोवर पोरांची सालटी काढी.

त्या दिवशीही त्यानं सुरुवातीपासून सगळं उगाळलं. भंडाऱ्याला पोरांच्या उड्या पाहून पंचाला वाटलं, साप निघाला. खेळ थांबला, अर्धं गाव काठ्या घेऊन मैदानात उतरलं. साप मिळाला नाही, एका वकिलाचा हरवलेला जोडा मिळाला. डोंगरगडला तर उत्तरार्धात समोरची टीमही, न जाणो काही असेल म्हणून, तिथंच उडायला लागली. पण शहाण्यांनी गोल आधीच करून घेतले होते. टिकारामचं म्हणणं असं, की अशा पोरांना हॉकीच्या काठीऐवजी शेपूट द्यावं आणि झाडावर सोडून यावं.

कप्तान केवलराम इतका वेळ खिडकीबाहेर बघत होता. तो वळला.

"काका, काय आहे ते तुमाले माहीत नाही? तिथं तुमचा धुरा आहे."

 

टीमचं घरचं मैदान म्हणजे धान कापून झालेली टिकारामच्या वडिलांची मोठी बांधी. वडील गेल्यावर वाटणी झाली आणि मधोमध गुडघाभर उंचीचा मातीचा धुरा, म्हणजे बांध, पडला. अलीकडे टिकाराम, पलीकडे धाकटा भाऊ बकाराम. वाटणीत म्हातारा रेडा कुणाचा, यावरून दोघांचं बिनसलं होतं. पुढे रेडा मेला, अबोला राहिला. पोरं त्या धुऱ्यावरून उड्या मारतच हॉकी शिकली. पाहुण्या टीम त्याला अडखळून तोंडावर पडत आणि हरून जात.

केवलराम आणखी एक बोलला. पुढच्या सामन्यात, राजनांदगावला, पुन्हा हसं झालं, तर पोरं काठ्या चुलीत घालणार होती. खेळ बंद.

टिकारामला रात्रभर तेच टोचत राहिलं. रोज सरावाच्या वेळी बकाराम धुऱ्यापलीकडे येऊन उभा राही. दोघं भाऊ दोन बाजूंनी एकाच पोराला शिव्या देत. तेवढ्याच वेळात टिकारामला भाऊ दिसायचा, त्याचा आवाज ऐकू यायचा. खेळ बंद झाला, तर बकाराम कायले येईल तिथं?

धुरा पाडायचा, तर भावाला विचारायला हवं. विचारायचं, तर बोलायला हवं. टिकारामनं मधला मार्ग काढला. सकाळी फावडं घेतलं आणि धुऱ्याची आपल्या बाजूची अर्धी जाडी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, खरवडून काढली. पलीकडच्या अर्ध्याला हात लावला नाही. संध्याकाळी पोरं बुचकळ्यात पडून अर्ध्या उड्या मारायला लागली. बकाराम बघत उभा राहिला.

दुसऱ्या सकाळी उरलेला अर्धाही नव्हता. माती पसरून, पायांनी दाबून सारखी केलेली होती. बकारामच्या दारात फावडं धुऊन भिंतीला लावलेलं होतं.

मग टिकारामनं पोरांना त्या सपाट जागेवरून इतकं पळवलं, की त्याचा स्वतःचा घसा बसला.

राजनांदगावला कुणी उडालं नाही. टीम एका गोलानं जिंकली. तरी परतीच्या गाडीत टिकारामची कुरकुर चालूच होती: जिंकायचं होतं तर निदान दोन गोलांनी जिंकायचं, असं एका गोलावर काय जीव टांगणीला लावून राहिले.

पोरं नाचत गावात गेली. टिकाराम बांधीतून निघाला. पलीकडे आपल्या ठरलेल्या जागी बकाराम उभा होता. गलका त्याच्या कानावर आला होता. पण हरले की जिंकले, हे विचारायचं कुणाला? तो खाली बघत पायाच्या अंगठ्यानं धसकटं उकरत होता.

टिकाराम थोडा थांबला. मग तडक भावाकडे चालू लागला. मधोमध पोचला, दोन्ही हातांनी धोतर वर धरलं आणि तुमसरला केवलराम उडाला होता तेवढा उंच उडाला.

वाटणीनंतर पहिल्यांदाच बकाराम भावाशी बोलला.

"काऊन उडून राहिला, दादा? काय आहे तिथं?"