तिरपी चीर

हेलिकॉप्टरचं पातं हवेतच तुटलं आणि चार माणसं गेली. ते पातं तपासून पास केलं होतं बाबांनी. त्या दिवसापासून त्यांनी अंथरूणच धरलं.

त्याच कारखान्यात तेच काम करणाऱ्या त्यांच्या मुलीने तसलंच एक जुनं पातं तपासायला घेतलं. आतले तडे शोधणाऱ्या ध्वनिलहरी सरळ सोडल्या, तर काहीच दिसेना. तिरप्या सोडल्या आणि कार्बनच्या धाग्यांमध्ये दडलेली चीर सापडली. ती धावतच घरी आली.

"बाबा, तुमची चूक नव्हती हो! चीर तिरपी होती. सरळ गेलेली लहर तिच्यावर आपटून भलतीकडेच जाते, यंत्राकडे परत येतच नाही. कुणालाच सापडली नसती!"

कितीतरी दिवसांनी बाबा उठून बसले. त्यांनी तिचा हात घट्ट धरला.

"बाळा, तू पास केलेली सगळी पाती मी शिकवलं तशीच, सरळ तपासलीस ना गं?"